बाळाला रात्री निजवायचे कुठे: पाळण्यात, कुशीत की क्रिबमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा. पहिले बाळंतपण, जुलैच्या पहिल्या आठवड्यातली तारीख. माहेर गोव्यात पेडण्याकडे, कौलारू घर. सासर फोंड्याला, फ्लॅट. माहेरच्यांनी घराण्यातला लाकडी पाळणा माळ्यावरून काढून पॉलिश करून घेतला आहे. सासूबाई म्हणतात, तान्हे बाळ आईच्या कुशीतच हवे. नवऱ्याने ऑनलाइन क्रिब, म्हणजे कठडे असलेला बाळाचा पलंग, पसंत केला आहे आणि त्यासोबत मऊ गादी, कडेने लावायच्या गुबगुबीत पट्ट्या, छोटी रजई असा सगळा संच आहे. तर बाळाला निजवायचे कुठे?

आईच्याच खोलीत, आईचा हात पोचेल इतक्या जवळ, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. अंथरूण सपाट आणि कडक, बाळ पाठीवर, आजूबाजूला काहीही नाही. दिवसाची डुलकी असो की रात्रीची झोप, निदान पहिले सहा महिने असेच. क्रिब की पाळणा हे त्यानंतरचे. या अटी जिथे पाळल्या जातील ती जागा चांगली, मग ती पाचशे रुपयांची असो वा पंचवीस हजारांची.

मात्र जागा भर दुपारी ठरवू नका, रात्री अडीचचा विचार करून ठरवा. टाके दुखताहेत, बाळ चौथ्यांदा उठले आहे, बाहेर पाऊस कोसळतोय आणि लाईट गेली आहे. अशा वेळी दूध पाजून बाळ जिथे परत ठेवले जाईल तीच त्याची खरी जागा. ती हाताच्या अंतरावर नसेल तर बाळ तुमच्या पलंगावरच राहणार, कोणी ठरवलेले नसले तरी.

पाठीवरच का, हे आधी सांगतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवायचे काम तुम्हालाच करायचे आहे. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक सहा महिन्यांच्या आतली असतात, आणि त्यातही दोन ते चार महिन्यांचा काळ सर्वांत नाजूक. पालथे किंवा मऊ गादीत तोंड रुतवून झोपलेले बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहते. तिच्यात प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मोठा माणूस अशा वेळी चाळवतो, कूस बदलतो. काही तान्ह्या बाळांची ही जाग येण्याची यंत्रणाच अजून कच्ची असते, आणि जाग आली तरी मान उचलून बाजूला वळवण्याची ताकद नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथे न निजवण्याचा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत तिथले असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. कुशीवर निजवणेही नको. कुशीवरचे बाळ पालथे व्हायला एक हिसका पुरतो.

यावर ठरलेला आक्षेप येतो: पाठीवर निजवले आणि दूध बाहेर आले तर घशात अडकेल. प्रत्यक्षात उलटे आहे. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. पोटातून वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. बाळ ते गिळते किंवा तोंडातून बाहेर टाकते. पालथे केले की अन्ननलिका वर येते आणि दूध उतारावरून श्वासनलिकेच्या तोंडाशी येते. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पंधरा-वीस मिनिटे उभे धरा, मग पाठीवर ठेवा. डोक्याकडची बाजू उंच करायला गादीखाली उशी सारू नका. बाळ घसरत खाली येते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते.

आता गादी. आपल्याकडे बाळासाठी खास सावरीच्या कापसाची मऊ गादी आणि उशी करून घेण्याची रीत आहे. भावना चांगली, वस्तू चुकीची. सावरीचा कापूस हलका आणि लुसलुशीत. बाळाचे डोके त्यात खळगा करून बसते. त्यापेक्षा दाबून भरलेली काथ्याची, म्हणजे कॉयरची पातळ गादी उत्तम. जाडी चार-पाच इंचांहून जास्त नको. तळहाताने जोरात दाबून हात उचला. खळगा लगेच भरून आला पाहिजे. गादी आणि पाळण्याच्या कडेमध्ये दोनपेक्षा जास्त बोटे जाऊ नयेत, नाहीतर बाळ सरकत जाऊन तोंड फटीत अडकते. वर एकच चादर, चारही बाजूंनी खाली खोचलेली. ओल लागू नये म्हणून रबरशीट घालायचे असेल तर चादरीखाली, तेही खोचूनच. सुटे राहिलेले टोक तोंडावर येऊन चिकटले तर त्यातून हवा जात नाही.

उशी नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देतात, तीही नाही. पाठीवर झोपणाऱ्या बाळाचे डोके मागून थोडे चपटे होऊ शकते, पण त्याला उपाय वेगळे: एक दिवस डोके उत्तरेच्या भिंतीकडे आले तर दुसऱ्या दिवशी पाय त्या बाजूला करा, म्हणजे बाळ उजेडाकडे आणि आईकडे बघायला मान दोन्हीकडे वळवते. शिवाय जागेपणी, कोणी समोर बसलेले असताना, दिवसातून दोन-तीनदा तीन ते पाच मिनिटे पालथे ठेवा. पालथे ठेवण्याची वेळ तीच. मोहरीची उशी फाटली तर दाणे थेट बाळाच्या तोंडाशी येतात, हे आणखी वेगळे.

दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा, हाताला मणगट्या, उशाखाली अडकित्ता किंवा सुरी असते. यावर घरात वाद घालत बसू नका. अडकित्ता पलंगाखाली ठेवा, दोरा पायाला सैल बांधा आणि गळा मोकळा ठेवा. मणगट्यांचे मणी सुटत नाहीत ना, हे रोज आंघोळीच्या वेळी पाहा.

घराण्याच्या पाळण्याबद्दल जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण तो चांगलाही असतो आणि वाईटही. बारशाला त्यात घालायला काहीच हरकत नाही. रोजच्या झोपेसाठी मात्र तो आधी तपासा. पहिले, तळ सपाट फळीचा आहे ना? दोऱ्यांनी विणलेला किंवा मधोमध खोलगट असेल तर रात्रीसाठी बाद. दुसरे, कडेच्या दांड्यांमधली फट. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बाळाचे धड फटीतून खाली जाते आणि डोके अडकते. जुन्या पाळण्यांची नक्षी सुंदर असते, फटी मात्र कोणी मोजलेल्या नसतात. मोजपट्टी घेऊन एकेक मोजा. तिसरे, रंग. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. मूळ रंगावरच नवीन पॉलिश मारले असेल तर पापुद्रे सुटताहेत का ते पाहा, आणि ताज्या पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत पाळणा हवेशीर जागी उघडा राहू द्या. पावसाळ्यात पॉलिश वाळायला वेळ लागतो, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका.

चौथे, टांगणी. कौलारू घरात पाळणा तुळईच्या कडीला लागतो आणि त्या तुळईला वाळवी लागली आहे की नाही, हे खालून दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. लाकूड भुसभुशीत लागले तर तिथे टांगू नका. मग पाळण्यात पंचवीस किलोची तांदळाची गोणी ठेवून दहा मिनिटे झोके द्या. चारही साखळ्या सारख्या लांबीच्या आहेत का, हे बघायला तळावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. ती एका बाजूला गडगडली तर बाळही त्याच बाजूला सरकणार. पाळणा जमिनीपासून फूटभरच उंच ठेवा. आणि रात्री बाळ झोपले की झोका थांबवा, पाळण्याला वेटोळे घालून ठेवलेली ओढायची दोरी काढून दूर टांगा. पाळण्यावर टांगायचे चिमणाळे (चिमण्यांचे खेळणे) बाळाच्या हाताला लागणार नाही इतके वर हवे, आणि बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले की तेही काढायचे.

साडीच्या झोळीत बाळ पटकन झोपते, हे खरे. पण तिच्यात बाळाचा आकार धनुष्यासारखा वाकतो, हनुवटी छातीवर येते आणि दोन्ही बाजूंचे कापड तोंडाजवळ मिटते. नवजात बाळाला मान सावरता येत नाही. झोळीत शांत करायचे असेल तर कोणीतरी समोर बसून राहावे आणि डोळा लागताच उचलून सपाट जागी ठेवावे. कारसीट, बाउन्सर (बाळाची डुलती खुर्ची), ओसरीवरचा झोपाळा यांनाही हेच लागू. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने दहा अंशांहून जास्त उतार असलेली बाळाची झोपण्याची साधने विकायला बंदी घातली, ती याच कारणाने. क्रिबच्या कडेच्या गुबगुबीत पट्ट्याही त्याच कायद्याने बंद झाल्या. तेव्हा ऑनलाइन संचातली रजई, पट्ट्या, उशी हे सगळे परत पाठवा. रिकामा क्रिब हाच पुरा क्रिब.

आता सासूबाईंचा मुद्दा. कुशीत घेण्याला नाक मुरडणारे सल्ले घरात टिकत नाहीत, कारण रात्री आठदा अंगावर पाजणारी आई कधी ना कधी बाळाशेजारी झोपणारच. स्तनपानाच्या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे की यावर आईशी मोकळेपणाने बोलावे, नुसते ‘नको’ म्हणू नये. वेगळे अंथरूण अधिक सुरक्षित, यात शंका नाही. पण डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजण्यापेक्षा नीट तयार केलेल्या पलंगावर पाजलेले केव्हाही बरे. सोफ्याची पाठ आणि आईचे अंग यांच्या फटीत बाळ रुतते. झोपण्याच्या सगळ्या जागांत सोफा सर्वांत वाईट.

पलंग तयार करायचा तो असा. कडक गादी. आईची उशी फक्त आईच्या डोक्याखाली, पांघरूण कमरेपर्यंत. केस बांधलेले, मंगळसूत्र आणि लांब साखळी काढून ठेवलेली, गाऊनच्या नाड्या कापलेल्या. आई कुशीवर, गुडघे वर घेतलेले, एक हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. बाळ छातीच्या उंचीवर, पाजून झाल्यावर पाठीवर. बाळ नवरा-बायकोच्या मध्ये नको, आईच्या एका बाजूला हवे. घरात दुसरे लहान मूल असेल तर ते बाळाच्या शेजारी कधीच नको. पलंग भिंतीला चिकटवून ‘आता पडणार नाही’ म्हणतात, पण गादी सरकते आणि भिंतीशी फट पडते. ती पडण्याहून धोक्याची. आणि उशांची तटबंदी! जवळपास प्रत्येक घरात असते. बाळ पडू नये म्हणून दोन्हीकडे तक्के लावतात आणि नेमके तेच तोंडावर येतात. पडण्याची भीती असेल तर गादी खाली घ्या.

काही वेळा मात्र एकत्र झोपणे साफ नाही. आई किंवा वडील धूम्रपान करतात (बाहेर जाऊन ओढले तरी), कोणी दारू घेतली आहे, झोप आणणारे औषध घेतले आहे, बाळ सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे आहे. सर्दीच्या अनेक गोळ्या आणि खोकल्याची काही सिरपे झोप आणतात, हे लक्षात राहत नाही. सिझेरियननंतर तीव्र वेदनाशामके चालू आहेत तोवर रात्री बाळ उचलून देण्याचे आणि परत ठेवण्याचे काम दुसऱ्या जाग्या माणसाचे.

पेडण्याच्या घरात ‘गादी खाली घ्या’ याला एक मोठा अपवाद आहे: जमीन. पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते ती बहुधा रात्री, झोपेत, आणि चावल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. गोम, विंचू, तांबड्या मुंग्या वेगळ्याच. दुधाचा आणि तेलाचा वास असलेल्या बाळाकडे मुंग्या हमखास येतात. तेव्हा तिथे बाळ जमिनीवर नको. पलंगाचे पाय अर्धे कापून घेतले तर गादीही खाली येते आणि जमीनही टळते. तेही नसेल तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचायची. खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच सरपटणाऱ्यांनाही अडवते. पलंगाच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवता ना? त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता, वाटी आतून घासा, मगच पुन्हा भरा. मुंग्यांच्या विषारी खडूच्या रेघा बाळाच्या खोलीत नकोत.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी. छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाण्या भेट म्हणून भरपूर येतात. त्यांच्यासोबत शिवलेली मऊ गादी आणि उशी येते. ती बाजूला ठेवा आणि छत्री कडक गादीवर उघडा. तारा पक्क्या हव्यात आणि जाळी बाळाच्या हातापासून वीतभर दूर. अंगाला टेकलेल्या जाळीतून डास चावतोच. कॉइलचा धूर बंद खोलीत नको.

खोलीत पलंग किंवा पाळणा खिडकीखाली ठेवू नका. पावसाचे तुषार येतात आणि पडद्याच्या दोऱ्या लोंबतात. कौलाची कुठली सांध गळते हे जूनच्या पहिल्या जोरदार सरीत पाहून घ्या, मग जागा पक्की करा. वरून पाली आणि कचरा पडतो, त्यासाठी मच्छरदाणीवर कापड घालतात, हवा अडते. त्यापेक्षा वर आढ्यालगत कापड ताणून बांधा. जुलैत गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. आठवड्यातून एकदा उलटी करून पाहा, ऊन पडले की बाहेर काढा, तळाची फळी कोरड्या फडक्याने पुसा.

धुरीचा मुद्दा नाजूक, पण स्पष्ट बोलतो. न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, धूप घालून निखाऱ्यांवर शेक आणि धुरी देतात. पावसात दारे-खिडक्या बंद, शेगडी खोलीतच, बाळ आणि बाळंतीण आत. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो मोठ्या माणसालाही मारतो. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी आईच्या पाठीला द्या, बाळाच्या अंथरुणात नको. बाळाचे कपडे वाळवायला शेगडी पेटवायची असेल तर ती मागच्या अंगणाच्या पडवीत.

उबेची चिंता आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त. गोव्यात जुलैत बाळाला सुती झबले, लंगोट आणि एक पातळ दुपटे पुरते. तुम्ही स्वतः घातलेत त्याहून एक थर जास्त, बस. हातपाय गार लागले तरी बाळ गारठले असे नाही. मानेमागे आणि पाठीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला घरात झोपताना कुंची किंवा टोपी नको, बाळे जास्तीची उष्णता डोक्यावाटेही सोडतात. पंखा चालेल, झोत थेट अंगावर नको. फ्लॅटवर एसी २५ ते २७ अंशांवर. लाईट गेली की पहिले काम दुपटे काढणे आणि खिडकी उघडणे. दुपट्यात गुंडाळता तेव्हा छातीशी दोन बोटे जातील इतके सैल, आणि कमरेखाली पाय बेडकासारखे फाकतील इतके मोकळे. पाय सरळ करून करकचून बांधल्याने खुब्याचा सांधा निखळू शकतो.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बाळ दोन महिन्यांचे असेल, म्हणजे ऐन नाजूक काळात. घर पाहुण्यांनी भरलेले, रात्री सगळे ओळीने चटया टाकून झोपणार, आणि कोणीतरी प्रेमाने म्हणणार, ‘भुरगें आज म्हजेलागीं दी’ (बाळ आज माझ्याकडे दे). द्या, पण जागेपणी. त्या चार-पाच दिवसांत बाळाची जागा बदलू नका आणि रात्री ते आईच्या खोलीतच राहील, हे घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडून आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. बाळंतिणीने स्वतः सांगितले की वाईटपणा येतो. त्या दिवसांत बाळाला धूप, उदबत्ती, फटाक्यांपासून लांबच्या खोलीत ठेवा.

क्रिबचे म्हणाल तर तो फोंड्याला मागवू नका. पहिले दोन-तीन महिने तुम्ही पेडण्याला असणार, आणि वेगळ्या कडक अंथरुणाची सर्वांत जास्त गरज तेव्हाच आहे. तो जूनच्या आधी माहेरी जोडून, पलंगाला लावून ठेवा. नंतर टेम्पोतून फोंड्याला आणता येतो. एक बाजू उघडणारा, पलंगाला जोडायचा प्रकार घेणार असाल तर दोन्ही गाद्यांची उंची सारखी आणि मध्ये शून्य फट, पट्टे दररोज ओढून पाहायचे. घडीचा क्रिब घेतलात तर त्याच्यासोबत आलेलीच गादी वापरा. ‘फार पातळ आहे’ म्हणून वर दुसरी टाकली की कडेला फट पडते.

बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मले तर यातले काही बदलेल. अशा बाळांना आईच्या किंवा बाबांच्या छातीवर त्वचेला त्वचा लावून दिवसाचे आठ ते चोवीस तास ठेवण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते. त्यासाठी बाळ उभे, मान किंचित मागे, तोंड एका बाजूला, कापडाने पक्के बांधलेले, आणि आई टेकून बसलेली हवी. ही पद्धत रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून स्वतः करून शिकून घ्या. टोपी आणि थरांचे प्रमाणही तिथेच विचारा. झोपेत बाळाचे ओठ निळे पडले, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा उठवूनही ते जागे होईना, तर लगेच १०८.

चार महिन्यांच्या सुमारास बाळ कूस बदलण्याची खटपट सुरू करते. ती दिसली की त्याच रात्रीपासून गुंडाळणे बंद, हात मोकळे. आणि टांगलेल्या पाळण्यातून बाळ क्रिबमध्ये, कारण पाळण्याची कड आता त्याला पुरत नाही. पाठीवर ठेवणे चालूच. दोन्ही बाजूंनी आपले आपण वळता यायला लागल्यावर ते रात्री पालथे झाले तर उठून सरळ करत बसायची गरज नाही, फक्त आजूबाजूची जागा रिकामी हवी. बाळ बसू लागले की क्रिबची गादी सर्वांत खालच्या खाचेत उतरवा.